पिशवीच्या पलीकडचा रंग

सुर्वे सिस्टरांचा व्हॅक्युम क्लीनर मी बिघडवला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कागदावर उतरवलं तर एवढंसं दिसतं: शेजाऱ्याने शेजाऱ्याचं यंत्र न विचारता वापरलं आणि ते बंद पडलं. ह्याला कोणी गुन्हा म्हणणार नाही. यंत्र दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही म्हटलं नसतं. म्हणून आधी सिस्टर कोण होत्या ते सांगायला हवं.

त्या जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. इंदुमती हे त्यांचं नाव गल्लीत कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. सगळ्या जगाला त्या सिस्टर. उंच, हाडापेराने मजबूत, अंगावर खळ घातलेलं सुती पातळ, आणि घड्याळ कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी धरल्यावर काटा समोर दिसावा म्हणून लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. साठीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी 'अरे' किंवा 'अगो'. मी चाळिशी ओलांडून वर नोकरीत साहेब वगैरे झालो, तरी त्यांच्यापुढे 'अरे अनिल'च राहिलो.

नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं आणि आमचं घर एका चिऱ्याच्या भिंतीने जोडलेलं. भिंत जाड, तिच्यातून काही ऐकू येत नसे. पण पडव्या शेजारी शेजारी असल्यामुळे तिकडचं सगळं आमच्याकडे येई: सिस्टरांचे हुकूम, दादांचा खोकला, आणि रोज सकाळी चहानंतर व्हॅक्युम क्लीनरची घरघर.

दादा म्हणजे सिस्टरांचे यजमान. उभं आयुष्य त्यांनी चिरेखाणीवर मुकादमी केली. खाणीतली तांबडी धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली होती ती बसलीच. एक वाक्य पुरं करायला मध्ये दोनदा थांबत. त्यात इकडे रस्त्याची कामं कधी संपतच नाहीत, पाऊस गेला की खिडकीच्या गजांवरसुद्धा बोटभर लाल थर. केरसुणी लावली की ती धूळ उठून हवेत राहते आणि दादांचा श्वास अडतो. म्हणून डोंबिवलीला दिलेल्या मुलीने, लताने, हे यंत्र पाठवलं होतं. घरात टीव्ही होता, फ्रिज होता. पण सिस्टर ज्याला खरोखर जपत ते हेच. त्यांच्या जुन्या पातळाचा शिवलेला अभ्रा त्याच्यावर असे.

जपत असं म्हटलं खरं, पण सिस्टर सगळ्याच वस्तूंशी तशा वागायच्या. मिक्सर असो, इस्त्री असो, चालू करण्याआधी त्याच्या अंगाला उलट्या हाताने स्पर्श करायच्या, मुलाचं कपाळ बघावं तसा. "ताप नाही," म्हणायच्या आणि बटण दाबायच्या. 'बिघडलंय' हा शब्द त्यांना चालत नसे. "कुरकुरतंय" म्हणायचं. त्यांच्याकडे हत्यारांची पेटी नव्हती. एक मूत्रपिंडाच्या आकाराचा स्टीलचा ट्रे, दोन चिमटे, कापूस, स्पिरिटची बाटली आणि एक पेचकस. दुरुस्तीला बसल्या की पडवीत पांढरी चादर अंथरून यंत्र तिच्यावर निजवायच्या. बसवायच्या नाहीत, निजवायच्या.

कोणाला वाटेल, त्या मोठ्या कारागीर असतील. मुळीच नाही. त्यांनी उघडलेल्या कितीतरी वस्तू पुन्हा मिटल्या नाहीत. एकदा त्यांनी टेबल फॅन दुरुस्त केला तर तो उलटा फिरायला लागला. पुढे बसलं की वारा लागेना, मागे हात धरला तर थोडा लागे. सिस्टरांनी शांतपणे पंख्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि दादांची खुर्ची त्याच्या पाठीमागे ठेवली. दादा आठवडाभर पंख्याच्या पाठीशी बसून पेपर वाचत होते. मी विचारलं, "काय दादा, वारा येतोय का?" तर म्हणाले, "येतोय रे. पण माज्यावर रुसून येतोय."

गल्लीला त्यांचा खरा धाक होता तो सकाळच्या घंटागाडीचा. गाडी आली की सिस्टर कठड्याशी उभ्या. कोण काय टाकतंय यावर लक्ष. "हा मिक्सर कोणाचा? इकडे आण." "सिस्टर, गेलाय तो." "कुठे गेलाय? तुझ्या हातात तर आहे." त्यामुळे लोक मोडक्या वस्तू पिशवीत घालून पलीकडच्या गल्लीत टाकायला जायचे, चोरासारखे. एकदा साळवी वहिनींनी इस्त्री अशीच गुपचूप टाकली. सिस्टरांनी ती कुठून तरी शोधून काढली, दोन दिवस चादरीवर ठेवली, आणि मग साळव्यांच्या घरी जाऊन सगळ्यांदेखत प्लगमध्ये घातली. मोठा जाळ झाला आणि साळव्यांच्याबरोबर आमच्याही घरातली वीज गेली. साळवी वहिनी अंधारातून म्हणाल्या, "मी सांगत होते की सिस्टर, मेली ती." सिस्टरांचा आवाज तसाच ठाम: "आता मेली. तू टाकलीस तेव्हा नव्हती."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य माझ्या मनातून जाईना. टाकण्याची वेळ आणि संपण्याची वेळ ह्या दोन वेगळ्या असतात, आणि बहुतेक माणसं पहिलीलाच दुसरी समजतात, हे त्या बाईला कळलेलं होतं. ते त्या वॉर्डात शिकल्या होत्या. लांज्याकडच्या कुठल्याशा वाडीतला एक म्हातारा होता. डॉक्टरांनी हात टेकले, नातेवाइकांनी घरी न्यायला गाडी ठरवली. सिस्टर म्हणाल्या, हात गरम आहे, हलवायचं नाही. आणि ड्युटी संपल्यावरही त्याच्या खाटेशी बसून राहिल्या. मी विचारलं, "मग वाचला?" म्हणाल्या, "छे रे. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. पण तोवर मुंबईचा मुलगा पोचला. बापाने त्याला ओळखलं." मग माझ्याकडे बघून, "ते काय कमी झालं?"

त्यांची आणखी एक गोष्ट मला इथे सांगायची आहे, कारण तिच्याशी माझा संबंध आहे. शिमग्यात माणसं डोकी फोडून घेऊन इस्पितळात यायची. नवा डॉक्टर असला की आधी चौकशी: कसं लागलं, कोणी मारलं, किती प्यायला होतास. सिस्टर त्याला बाजूला करून म्हणायच्या, साहेब, आधी टाका घाला. "टाका पडला की माणूस आपणहून सांगतो. आधी विचारलं की खोटं बोलतो." हे त्यांनी मला निदान तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल. पहिल्या वेळेला ते मी गंमत म्हणून ऐकलं होतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर सिस्टर आणि दादा खेडला गेले. दादांच्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं, चार-सहा दिवस राहायचं होतं. किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे. त्याच दिवसांत आमच्या घरी हळदीकुंकू होतं. सुरेखाने, माझ्या बायकोने, बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगोळी काढली होती. मोर, त्याचा पिसारा, भोवती कमळं. गुलाबी रंग तर मुक्त हस्ताने. संध्याकाळपर्यंत बायकांच्या पायांनी तो मोर सगळ्या खोलीभर झाला. दुसऱ्या दिवशी सुरेखा तिच्या आईला एस.टी. स्टँडवर सोडायला गेली आणि जाताना बजावून गेली, "ओलं फडकं लावू नका हं, फरशीत रंग धरतो. कोरडंच काढा."

मी केरसुणी घेतली. कोरडी रांगोळी केरसुणीने निघत नाही, पसरते. आणि मला शेजारचं यंत्र आठवलं.

खरं सांगायचं तर आठवलं नाही. ते वापरून बघायची इच्छा मला कित्येक दिवस होती. मी कुलूप काढून आत गेलो, अभ्रा काढला, यंत्र उचलून आणलं. आतली कापडी पिशवी भरली होती ती मागच्या माडाच्या आळ्यात झटकली. परत बसवायला गेलो तर तिची क्लिप कुठे अडकते ते कळेना. कचरा साठवायला पिशवी, एवढीच माझी समजूत. तिच्यावाचून चालवलं तर कचरा डब्यात पडेल, नंतर ओतून टाकू, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. रांगोळी अशी भराभर नाहीशी होत गेली की मी खुशीत आलो. मोराचा पिसारा संपला, कमळं संपली, आणि दाराजवळच्या शेवटच्या वेलीवर असताना आवाज चिरका झाला, जळका वास आला, आत एक ठिणगी उडाली आणि यंत्र गप्प झालं.

ती पिशवी म्हणजे चाळण होती. तिच्यावाचून सगळी दगडाची पूड थेट मोटरीत गेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी काहीतरी मोडलंय हे माहीत होतं. मी डबा पुसला, नळी पुसली, चाकं पुसली. पिशवी या वेळी शांतपणे बघितल्यावर क्लिपेत बसली. टक् असा आवाजही आला. यंत्र होतं त्या कोपऱ्यात ठेवून वर अभ्रा घातला. सुरेखा परत आल्यावर म्हणाली, "अग्गोबाई, एवढी लख्ख कशी काढलीत?" मी म्हटलं, "केरसुणीने."

सिस्टर परतल्या त्या संध्याकाळी मी किल्ली दिली, लग्न कसं झालं विचारलं, आणि घरात आलो.

बंद घरात सहा दिवसांची धूळ बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची घरघर आली नाही. बटणाची टकटक आली, दोनदा, तीनदा. मग सिस्टरांचा आवाज: "कुरकुरतोय वाटतं." त्यांनी ओलं फडकं घेतलं, गुडघे दुखत असताना ओणव्याने फरशी पुसली. पण पडदे काढताना, गादी उचलताना धूळ उठलीच. दुपारी दादांचा श्वास अडकला. रिक्षा मीच आणली. दादांना धरून रिक्षात बसवताना त्यांच्या बरगड्या माझ्या तळव्याला लागत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून, धाप टाकत, "बरा भेटलास हां," असं म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, धुळीमुळे असेल, हवेमुळे असेल, प्रवासाच्या दगदगीमुळेही असेल. अशा छातीला कारण लागत नाही. त्या वाक्याच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस उभा होतो.

दादा चार दिवसांत सावरले आणि घरी जाऊ द्या म्हणून हट्ट धरून बसले. सिस्टर म्हणाल्या, घर नीट झाल्याशिवाय नाही. आणि घर नीट होणं म्हणजे ते यंत्र चालू होणं. लता डोंबिवलीहून धावत आली होती, दादांजवळ तीच बसे. ती म्हणाली, "आई, मी आत्ता फोनवरून नवा मागवते. परवा दारात येईल."

"नको."

"अगं पण बाबा..."

"हा का बंद पडला ते कळलंय तुला? मला नाही कळलं. वीज जास्त येते का, उंदराने वायर खाल्ली का, की आपलंच काही चुकतंय. ते न कळता नवा आणला आणि बाबा घरी आल्यावर तोही असाच गेला, तर? पुन्हा रिक्षा?"

लताने फोन बाजूला ठेवला. मी म्हणालो, "सिस्टर, लता म्हणते ते बरोबर आहे. जुनं झालंय ते. नवा मी आणून देतो, माझ्याकडून."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याकडून का?"

"शेजारी म्हणून."

"शेजारी म्हणून वाटीभर साखर दे," त्या म्हणाल्या. लता हसली.

पुढचे दिवस मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. सिस्टर सकाळी इस्पितळात दादांना पेज भरवून यायच्या आणि पडवीत चादर अंथरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्लग उघडला. नवा घातला. काही नाही. दुसऱ्या दिवशी वायर सगळी बोटांनी चाचपली, इंच न् इंच, शीर शोधावी तशी. काही नाही. मग बटण. काही नाही. मग घरातलं दुसरं सगळं चालू-बंद करून वीज तपासली. मी कचेरीत जाताना बघायचो, येताना बघायचो. मला कारण माहीत होतं. माझ्या एका वाक्याने त्यांचे चार दिवस वाचले असते आणि दादा चार दिवस आधी घरी आले असते. दर खेपेला ते वाक्य जिभेवर यायचं आणि मी म्हणायचो, "काय सिस्टर, कसा आहे पेशंट?"

शेवटी त्यांनी ते हनीफभाईंकडे नेलं. हनीफभाई बागायतदारांच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देतात. नेताना मीच सोबत होतो. त्यांनी मागच्या फटीतून सळई घालून मोटर फिरवायचा प्रयत्न केला, ती फिरेना. म्हणाले, "सिस्टर, ऐका माझं. ह्याच्यात वेळ घालवण्यापेक्षा नवा घ्या. हा संपला."

मला हायसं वाटलं. इतकं की मी हनीफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"फिरत का नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"जॅम झालाय."

"कशाने?"

"आता कशाने ते उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"मग संपला हे न उघडता कसं सांगितलंस?"

हनीफभाई हसत सुटले. म्हणाले, "न्या सिस्टर, तुम्हीच उघडा. उघडलात तर पुढचं मी बघतो."

तो रविवार होता. पडवीत चादर, चादरीवर यंत्र, ट्रेमध्ये स्क्रू. मी निघायला लागलो तर सिस्टर म्हणाल्या, "थांब, बॅटरी धर." मी मोबाइलचा उजेड धरला. त्यांनी पिशवी काढून उलटी केली. आत काही नव्हतं, कोरी पिशवी. मग आतलं झाकण, मग जाळी, मग मोटरीवरचं टोपण. टोपण उचललं आणि उजेड छतावर गेला.

"नीट धर."

मी नीट धरला. मोटरीच्या पंख्याच्या प्रत्येक पात्याखाली, प्रत्येक खाचेत, गुलाबी पूड घट्ट बसली होती. मधे मधे हिरवी. मोराच्या मानेची निळीसुद्धा ओळखू येत होती. सिस्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवला आणि बाहेर काढला. बोळा गुलाबी. त्यांनी तो उजेडासमोर धरला, मग चादरीवर ठेवला.

"पिशवीच्या अलीकडे काही नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "सगळं पलीकडे."

त्यांच्या घरात रांगोळी कोणी काढत नसे. दादांच्या छातीमुळे ती कित्येक वर्षं बंद होती. आमच्या उंबऱ्यावर त्या रविवारीही गुलाबी कमळ होतं. ते पडवीतून दिसत होतं. सिस्टरांनी तिकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. त्यांनी मान वर केली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चहा घेणार? गवती चहा घातलाय."

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणायची ती वेळ होती, आणि मी चहाला हो म्हणालो.

चहा झाल्यावर त्यांनी कानात घालायच्या कापसाच्या काड्यांचा अख्खा डबा माझ्यापुढे ठेवला. "माझी नजर पोचत नाही. तू काढ. एक खाच सोडायची नाही." मी मांडी घालून बसलो. संध्याकाळपर्यंत मी त्या खाचांमधली आमची रांगोळी काडीकाडीने बाहेर काढली, आणि सिस्टर शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. मध्येच त्यांनी लांज्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. मग शिमग्यातल्या डोकी फुटलेल्यांची. टाका पडला की माणूस आपणहून सांगतो. मी मान खाली घालून काडी फिरवत होतो. चादरीवर गुलाबी काड्यांचा ढीग वाढत होता आणि त्या बाईने एकदाही, चुकूनसुद्धा, 'कोणी?' असं विचारलं नाही. मी आजवर कोणासमोर एवढा लहान झालो नाही, आणि कोणी मला एवढ्या मानाने वागवलं नाही.

हनीफभाईंनी शब्द पाळला. मोटरीत नवे कार्बन ब्रश घातले, बेअरिंग बदललं. दादा घरी आले त्या सकाळी सिस्टरांनी यंत्राच्या पाठीला उलटा हात लावला, "ताप नाही" म्हणाल्या आणि बटण दाबलं. ते चालू झालं. पण पहिल्यासारखं नाही. घरघरीत आता एक शीळ मिसळली होती.

दादा खाटेवरून म्हणाले, "आवाज बदललाय गो ह्याचा."

"तुमचा नाही बदलला?" सिस्टर म्हणाल्या.

दादा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही हसत होत्या. मी पडवीत उभा होतो.

ती शीळ पुढे काही वर्षं रोज सकाळी आमच्याकडे येत राहिली. दादा गेले ते स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर, लता जवळ असताना. मी भेटायला गेलो तेव्हा सिस्टर शांत होत्या. "त्यांना दिवस मिळाले रे," एवढंच म्हणाल्या. कोणी दिले, कोणी हिरावले, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. मी मांडायचो, अजून मांडतो, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

दादांचं वर्षश्राद्ध झाल्यावर लता आईला डोंबिवलीला न्यायला आली. गाडीत दोन बॅगा आणि स्टीलचा तो ट्रे. व्हॅक्युम क्लीनर सिस्टरांनी स्वतः उचलून आमच्या पडवीत आणून ठेवला, अभ्र्यासकट.

"तुझ्याकडे असू दे. ह्याचं पोट तुला माहीत आहे."

"सिस्टर, तुम्हाला तिकडे लागेल."

"लताकडे आहे. हे ऐक. चालू करण्याआधी पिशवी बसली का ते बघत जा. टक् असा आवाज आला पाहिजे."

त्या एवढं बोलल्या आणि थांबल्या. एक हात गाडीच्या दारावर, नजर माझ्यावर. घाई नाही, राग नाही. नाडी मोजताना माणूस थांबतो तशा थांबल्या होत्या. लताने गाडी सुरू केली तरी त्या तशाच.

मी म्हणालो, "हो, सिस्टर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत बसल्या. गाडी वळताना खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. हलवला नाही, नुसता बाहेर धरला होता, तळवा वर. मनगटाच्या आतल्या बाजूचं घड्याळ उन्हात चमकलं. मी त्यांचं शेवटचं पाहिलं ते एवढंच.

गेल्या महिन्यात लताचा फोन आला. सिस्टर गेल्या. दुखणं फार झालं नाही, म्हणाली. मग म्हणाली, "आई तुमचं नाव नेहमी काढायची हं, अनिलभाऊ. म्हणायची, अनिल बसला म्हणून ते यंत्र जगलं, आणि तुझ्या बाबांना घरी येता आलं."

मी, "हो का," म्हणालो आणि फोन ठेवला.

यंत्र अजून चालतं. शीळही आहे. सिस्टरांना मी एक वाक्य देणं लागत होतो, ते आता त्यांना पोचवता येत नाही. लताला पोचवता येतं. मी तिला अजून फोन केलेला नाही.